शेवाळाची बुळबुळ आणि शेवाळाचं कुळ

निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला शेवाळ म्हटलं की आधी ठिबकचा फिल्टर आठवतो. खरडछाटणी उरकलेली, एप्रिलचं ऊन, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आणि त्यातलं पाणी तळ दिसणार नाही इतकं हिरवं. फिल्टरची जाळी बाहेर काढली की तिच्यावर हिरवट तपकिरी थर बसलेला असतो. नळाखाली धरा, पाणी त्याच्यावरून घसरून जातं, थर जागचा हलत नाही. चिमटीत घेतला तर दोन बोटांमध्ये तार धरतो. ब्रशनं घासल्याशिवाय जाळी मोकळी होत नाही.

माझा धाकटा भाऊ निफाड तालुक्यात द्राक्षं करतो आणि मी नाशिकमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवते. त्यामुळे उन्हाळा आला की तळ्याच्या पाण्याची बाटली माझ्या टेबलावर येते आणि मागोमाग फोन. "ताई, बघितलं का पाणी? कोणतं शेवाळ आहे ते सांग ना. आणि मोरचूद टाकू का?"

मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, त्याच्या गोदामात असतोच, बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी. तांब्यानं शेवाळ मरतं हे खरं आहे. पण किती टाकायचा हे पाण्याच्या सामूवर आणि त्यातल्या क्षारांवर ठरतं, तळ्यात मासे आहेत की नाहीत हे बघावं लागतं, आणि पाण्यात नेमकं कोण वाढलंय यावरही बरंच अवलंबून असतं. काही शेवाळांच्या भोवती चिकट स्रावाचं आवरण असतं. त्यातल्या आम्लधर्मी शर्करा तांब्याचे आयन धरून ठेवतात आणि पेशीपर्यंत सहजी पोचू देत नाहीत. म्हणजे भावाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात अडकलेलं आहे. आणि पहिला प्रश्न, कोणतं शेवाळ, हा वाटतो त्याहून कितीतरी अवघड आहे.

मला इथे त्या पहिल्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे, आणि फिल्टरवरच्या त्या थराबद्दलही. शेवाळाची ओळख पटवायला बसताना आपण जे सगळ्यात आधी धुऊन टाकतो, त्यातच त्याच्या ओळखीचा मोठा भाग असतो, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

बाटलीतला थेंब स्लाइडवर घेतला की काय दिसतं? हिरवे गोल. दोन ते दहा मायक्रॉनचे, म्हणजे फार तर मिलिमीटरचा शंभरावा भाग. प्रत्येकात पेल्याच्या आकाराचं एक हरितलवक, त्यात पायरिनॉइडचा चकाकता ठिपका आणि त्या ठिपक्याभोवती पिष्टाचं कवच. आयोडीनचा थेंब सोडला की ते कवच काळंनिळं होतं, म्हणजे हे खरं हिरवं शेवाळ, निळ्या-हिरव्या जिवाणूंपैकी नव्हे, एवढं पक्कं होतं. त्यापुढे मुलं लगेच 'क्लोरेला' म्हणतात आणि प्रॅक्टिकलच्या वहीत तेवढंच लिहून पान उलटतात.

त्यांचा दोष नाही. मोठमोठ्या अभ्यासकांनी शंभर वर्षं तेच केलं. नेदरलँड्समध्ये मार्टिनस बायरिंक यांनी असा एक हिरवा गोल वेगळा काढला, शुद्ध स्वरूपात वाढवला आणि १८९० मध्ये त्याला क्लोरेला व्हल्गॅरिस हे नाव दिलं. पुढे जिथे जिथे गोल, हिरवं, शेपटी नसलेलं आणि न पोहणारं काही दिसलं, तिथे तिथे ते क्लोरेला ठरलं. शंभराहून जास्त जाती या एका नावाखाली जमा झाल्या. गोलाला कोपरे नसतात, नक्षी नसते, तर वेगळं करणार कशावरून?

त्यावर दोन माणसांनी फार चिकाटीनं काम केलं, आणि त्यांची नावं मी वर्गात मुद्दाम घेते. जर्मनीत एरलांगेनला एरिख केसलर यांनी गोलाचं रूप बाजूला ठेवलं आणि त्याचं वागणं तपासलं. किती आम्ल सोसतो, किती मीठ सोसतो, थायमिनशिवाय वाढतो का, हायड्रोजिनेज हे विकर त्याच्यात आहे का, नायट्रोजन संपला की केशरी पडतो का. जपानमध्ये हिरोशी ताकेडा यांनी पेशीभित्तिका घेतल्या, त्या आम्लात फोडल्या आणि आतल्या शर्करा मोजल्या. दिसायला अगदी सारख्या अशा गोलांपैकी काहींच्या कठीण भित्तिकेत ग्लुकोसामाइन निघालं, काहींच्यात ग्लुकोज आणि मॅनोज.

मग १९९९ मध्ये फोल्कर हुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या, १८एस जनुकाचा क्रम वाचला. शंभर जातींपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच खऱ्या क्लोरेला उरल्या आणि बाकीचे गोल दोन वेगळ्या वर्गांत विखुरले गेले. पण ज्या उरल्या, त्या सगळ्यांच्या भित्तिकेत ग्लुकोसामाइन होतं. शर्करांनी जे आधी सांगितलं होतं, तेच जनुकानं नंतर सांगितलं. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पेशीच्या कवचातली साखर ही कुळाची खूण असू शकते, हे तिथे स्पष्ट दिसलं.

रूपावर किती विसंबावं, याची आणखी दोन उदाहरणं देते. सीनडेस्मस हे शेततळ्यात नेहमी सापडणारं शेवाळ. चार किंवा आठ पेशी एका रांगेत. पण १९९३ मध्ये असं दाखवून दिलं गेलं की एकेकट्या राहणाऱ्या सीनडेस्मसच्या नळीत, डॅफ्निया ही पाणपिसू ज्यात ठेवली होती ते नुसतं पाणी गाळून घातलं, तरी पेशी रांगा धरू लागतात. भक्षक समोर नाही, त्याच्या अंगातून पाण्यात उतरलेलं रसायन तेवढं आहे. मिक्रॅक्टिनियमच्या अंगावर लांब काटे असतात आणि त्याची ओळखच काट्यांवरून सांगितली जाते. पाण्यात ब्रॅकिओनस हा रोटिफर, म्हणजे शेवाळ खाणारा सूक्ष्म प्राणी, असला तर काटे येतात, लॅबमधल्या निर्धोक नळीत काही काळ वाढवलं तर ते नाहीसे होतात, आणि मग समोर पुन्हा एक हिरवा गोल.

आमच्या लॅबमध्ये एम. टी. फिलिपोज यांचा क्लोरोकॉकेलीज या हिरव्या शेवाळांच्या गटावरचा ग्रंथ आहे, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं १९६७ मध्ये काढलेला. त्याची पानं हाताळून मऊ झाली आहेत. एका माणसानं भारतभरच्या पाण्यातलं शेवाळ इतक्या निगुतीनं रेखाटून ठेवलं याबद्दल मला नितांत आदर आहे, आणि अजूनही पहिला हात त्याच पुस्तकाकडे जातो. फक्त गोलांच्या पानांवर आलं की डोळा थकतो.

तिथे मी इंडिया इंक काढते. चित्रकलेच्या दुकानात मिळणारी काळी शाई. एक थेंब पाणी, त्याच्या शेजारी अगदी लहान थेंब शाई, वरून कव्हरस्लिप, आणि कडेला टिपकागद लावून जास्तीचं पाणी शोषून घ्यायचं. शाईतले काजळीचे कण पाण्यात सगळीकडे पसरतात, पण दाट स्रावात त्यांना शिरता येत नाही. लेन्स खाली आणली की करड्या-काळ्या पटावर प्रत्येक हिरव्या पेशीभोवती स्वच्छ, उजळ वलय उमटलेलं दिसतं, भिजवलेल्या सब्जाच्या बीभोवती दिसतं तसं. शाई घालण्याआधी त्या जागी काहीच दिसत नव्हतं. स्रावात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे प्रकाश त्यातून जवळपास सरळ जातो आणि डोळ्याला तिथे मोकळी जागाच वाटते.

एकदा वलय दिसलं की त्याच्याकडे निवांत बघावं. काहींचं पेशीच्या व्यासाहून दुप्पट जाड असतं. काहींची कड रेखीव, काहींची बाहेरच्या बाजूला विरत गेलेली. कधी एकाच मोठ्या वलयात चार-चार पेशींचे पुंजके असतात आणि मधून अगदी बारीक धागे गेलेले असतात, ते म्हणजे फाटलेल्या आईपेशीच्या भित्तिकेचे अवशेष. आणि कधी शेजारच्याच तळ्यातल्या पाण्यात असे गोल भेटतात ज्यांना वलयच नाही, शाई थेट भित्तिकेला टेकलेली. मुलांना हे दाखवलं की लॅबमध्ये थोडा वेळ गडबड थांबते. मग कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हे आधी पण होतं का तिथे?"

हे वलय म्हणजे पेशीबाह्य बहुशर्करा, पॉलिसॅकराइड. पेशीच्या आत, गॉल्जी पिंडात, एकेक शर्करा जोडत लांब साखळ्या तयार होतात, पुटिकांत भरून त्या कडेला येतात आणि बाहेर सोडल्या जातात. काही भित्तिकेला लगटून राहतात, काही पाण्यात विरघळतात. डबकं आटायला लागलं की हा स्राव ओल धरतो, भक्षकाच्या तोंडाला पेशी बुळबुळीत आणि मोठी करतो, जड धातू अडवतो. डेस्मिड शेवाळांना तर त्याच्या जोरावर पुढे सरकता येतं, भित्तिकेच्या छिद्रांतून स्राव सोडत ती पृष्ठभागावर हळूहळू ढकलली जातात. ठिबकच्या लॅटरलमध्ये, म्हणजे ओळीतून जाणाऱ्या नळीत, उजेड नसतो, तिथे शेवाळ वाढत नाही. पण वाहून आलेल्या पेशी आणि त्यांच्या स्रावावर पोसणारे जिवाणू मिळून तिथे थर धरतात, आणि ड्रिपरच्या वळणावळणाच्या वाटा तुंबतात.

तर वलय आहे की नाही, यावरून वर्गीकरण करावं का? लोकांनी ते केलं आहे, आणि ते फसलं आहे. डिक्टिओस्फेरियम हा वंश स्रावात गुंतलेल्या आणि धाग्यांनी जोडलेल्या वसाहतींवरून ओळखला जायचा. जनुकक्रम वाचल्यावर कळलं की अशा वसाहती करणारी शेवाळं क्लोरेलाच्या आणि तिच्या शेजारच्या शाखांमध्ये ठिकठिकाणी विखुरलेली आहेत. एका वंशाचे मग अनेक झाले. सगळ्यांना माहीत असलेलं डिक्टिओस्फेरियम पुल्चेलम २०११ पासून म्युसिडोस्फेरियम पुल्चेलम म्हणून ओळखलं जातं. उलट बाजूनं बघा. २००४ मध्ये पॅराक्लोरेला हा नवा वंश केला गेला. त्यात ठेवलेल्या दोन जातींपैकी एकीला बायरिंकचं नाव आहे, दुसरीला केसलरचं. पहिलीला स्रावाचं आवरण असतं, दुसरीला नसतं. सख्ख्या बहिणी, एकीला वलय, एकीला नाही.

इथे पुष्कळ जण स्रावाचा नाद सोडून देतात आणि मला नेमकं इथेच थांबावंसं वाटतं. स्राव असणं ही एक गोष्ट आणि तो कशाचा बनलेला आहे ही दुसरी. शाईतून पहिली कळते. दुसरीसाठी साखळी फोडावी लागते.

साखळीत किती वैविध्य मावतं याचा अंदाज यायला एक उदाहरण पुरेसं आहे. एकाच अमिनो आम्लाचे दोन रेणू जोडायचे तर पेप्टाइड बंध एकाच तऱ्हेनं होतो. ग्लुकोजचे दोन रेणू मात्र ११ तऱ्हांनी जोडता येतात, कारण प्रत्येक रेणूवर जोडणीच्या अनेक जागा असतात आणि जोड अल्फा की बीटा, हा आणखी वेगळा प्रश्न. भाकरीतलं पिष्ट आणि वातीचा कापूस, दोन्हीकडे ग्लुकोजच आहे. एकात पहिल्या कार्बनचा चौथ्याशी अल्फा जोड, दुसऱ्यात बीटा. तेवढ्या फरकानं एक पचतं आणि दुसरं पचत नाही. आता ग्लुकोजच्या जोडीला गॅलॅक्टोज, मॅनोज, अरॅबिनोज, झायलोज, ऱ्हॅम्नोज, फ्युकोज घ्या, ग्लुक्युरॉनिकसारखी आम्लं घ्या, कुठे मिथिल गट, कुठे अ‍ॅसिटिल, कुठे सल्फेट लावा. शक्यतांना अंत राहत नाही. आणि प्रत्येक जोड करायला त्या जोडाचं खास विकर लागतं, त्या विकराचं जनुक लागतं. म्हणून साखळीची बांधणी हा जनुकांचाच बाहेर आलेला मजकूर आहे.

साखरेवरून ओळख पटवणं आपल्याला नवीन नाही. रक्तगट दुसरं काय आहे? ए गटात तांबड्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाला एन-अ‍ॅसिटिल गॅलॅक्टोसामाइन असतं, बी गटात त्या जागी गॅलॅक्टोज, ओ गटात ती जागा मोकळी. एवढ्यावर माणसाला कोणाचं रक्त चालेल ते ठरतं. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस जिवाणूचंही तेच. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत मायकल हायडेलबर्गर आणि ऑस्वल्ड एव्हरी यांनी दाखवलं की त्याचे प्रकार एकमेकांपासून वेगळे करणारं द्रव्य म्हणजे त्याच्याभोवतीच्या आवरणातली बहुशर्करा. आज त्याचे शंभरच्या आसपास प्रकार माहीत आहेत आणि प्रत्येकाची साखर वेगळी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची २०२० च्या डिसेंबरात आलेली न्यूमोसिल ही लस अशाच दहा प्रकारांच्या शर्करा प्रथिनाला जोडून केलेली आहे. जिवाणूच्या बाबतीत जी गोष्ट शंभर वर्षांपूर्वी मान्य झाली, ती हिरव्या शेवाळाच्या बाबतीत आपण अजून नीट करून बघितलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

थोडं काम झालेलं आहे आणि ते आशा वाढवणारं आहे. स्लोव्हाकियातल्या संशोधकांनी डिक्टिओस्फेरियम गटातल्या शेवाळांचे स्राव फोडून बघितले, तेव्हा नेहमीच्या शर्करांबरोबर मिथिल गट लागलेल्या शर्कराही मिळाल्या. असा मिथिल गट सर्रास कुठेही सापडत नाही, म्हणून खूण म्हणून तो मोलाचा. ब्राझीलमध्ये गोड्या पाण्यातल्या शेवाळांच्या स्रावावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. लाल समुद्री शेवाळांत तर कॅराजिनान या बहुशर्करेचा प्रकार वर्गीकरणात वापरला जातोच. तिथे एक मौजेची गोष्ट आहे, काही जातींत युग्मकधारी पिढी एका प्रकारचं कॅराजिनान बनवते आणि बीजाणुधारी पिढी दुसऱ्या प्रकारचं. जात एक, साखर दोन. असं काही असू शकतं हे लक्षात ठेवूनच या कामाला हात घालावा.

आमच्या लॅबमध्ये जेवढं होतं तेवढं सांगते. कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेलं शेवाळ, पुरेसं जुनं झालं की ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो. पेशी तळाशी घट्ट बसतात आणि वर स्वच्छ पाणी उरतं. शेवाळावरच्या बहुतेक प्रयोगांच्या कृतीत या टप्प्यावर लिहिलेलं असतं, वरचं पाणी टाकून द्या. आम्ही ते ठेवतो. मंद आचेवर आटवून थोडं करतो, गार होऊ देतो आणि नळीच्या कडेनं फ्रीझरमधलं इथेनॉल तीन-चार पट सोडतो. सुरुवातीला काही घडत नाही. मग दोन द्रवांच्या सीमेवर दुधाळ पट्टा धरतो, त्यातून पांढरे तंतू सुटतात, एकमेकांत गुंततात, काचेची कांडी फिरवली की तिला लपेटून वर येतात. कधी तंतू न निघता नुसतं पीठ खाली बसतं. तंतू निघाले तर साखळ्या लांब असाव्यात असा अंदाज बांधता येतो, आणि तोही नोंदवून ठेवण्याजोगा असतो.

तो तंतू पाण्यात विरघळवून त्यात फिनॉल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातलं की केशरी-पिवळा रंग येतो. ही १९५६ सालची पद्धत, अजून तितकीच भरवशाची. रंगाची तीव्रता ४९० नॅनोमीटरवर मोजली की एकूण शर्करा किती ते कळतं. कोणत्या, ते कळायला साखळी आम्लात उकळून फोडायची आणि कागदी क्रोमॅटोग्राफी लावायची. अ‍ॅनिलीन थॅलेट फवारून कागद ओव्हनमध्ये ठेवला की पाच कार्बनांच्या शर्करांचे ठिपके तांबूस उमटतात, सहा कार्बनांच्या तपकिरी. वलयवाल्या गोलांच्या रांगेत तपकिरी ठिपक्यांच्या वर एक तांबूस ठिपका दिसला, तेव्हा तो कागद मी मुलांना आळीपाळीनं हातात दिला. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजचे ठिपके इतके जवळ येतात की फार मोठा दावा करता येत नाही. पुढचं, कोणती शर्करा कितव्या कार्बनला जोडली आहे, जोड अल्फा की बीटा, हे गॅस क्रोमॅटोग्राफी, मास स्पेक्ट्रोमेट्री आणि एनएमआर असल्याशिवाय कळत नाही. ती यंत्रं मोठ्या संस्थांत असतात आणि नमुना तिथे पाठवावा लागतो.

अडचणी खऱ्या आहेत. पहिली म्हणजे परिस्थिती. नायट्रोजन कमी पडला की स्राव वाढतो. उजेड, क्षार, तापमान, कल्चरचं वय, सगळ्यांचा परिणाम होतो. कुठल्या शर्करेचं प्रमाण किती, हे त्यानं मागेपुढे होतं. म्हणून दोन शेवाळांची तुलना करायची तर दोन्ही एकाच माध्यमात, एकाच उजेडात, एकाच वयाची हवीत. दुसरी अडचण जिवाणूंची. तळ्यातल्या शेवाळाबरोबर ते येतातच, स्वतःचा स्राव घालतात आणि शेवाळाचा खातात. नळीत एकही जिवाणू नाही याची खात्री होईपर्यंत पुन्हा पुन्हा अगारवर, म्हणजे वाढीच्या घट्ट माध्यमावर, रेघा ओढत बसावं लागतं, आणि हे काम कंटाळवाणं असलं तरी त्याला पर्याय नाही. मी स्वतः प्रमाणांपेक्षा बांधणीवर जास्त भरवसा ठेवते. गॅलॅक्टोज साठ टक्के की पन्नास, हे उन्हातान्हानं बदलेल. पण तिसऱ्या कार्बनवर मिथिल गट बसवणारं विकर ज्याच्याकडे नाहीच, तो कितीही उपाशी राहिला तरी ते आणणार कुठून?

मला विचारलं जातं, जनुकक्रम वाचणं आता स्वस्त झालंय, मग हा खटाटोप कशाला? नात्यागोत्यांचा वृक्ष काढायला जनुकच हवं, यात मला शंका नाही. सारख्या शर्करा दोन लांबच्या शाखांत स्वतंत्रपणे येऊ शकतात, त्यामुळे नुसत्या साखरेवरून वंशवृक्ष काढू नये. पण १८एस जनुक अतिशय जवळच्या जातींत इतकं सारखं असतं की त्यांना वेगळं करताना तेही अपुरं पडतं. शिवाय जनुकाच्या त्या तुकड्यावरून हे शेवाळ पाण्यात काय सोडतं, तांबं धरतं का, फिल्टरला चिकटतं का, हे कळत नाही. स्राव दोन्ही कामं करतो. तो कुळाबद्दल काही सांगतो आणि वागण्याबद्दलही. बोट्रिओकॉकस ब्राउनाय या शेवाळाचे तीन रासायनिक वंशभेद, ए, बी आणि एल, ते कोणते हायड्रोकार्बन बनवतात यावरूनच पाडले गेले, मायक्रोस्कोपखाली ते एका जातीचेच वाटतात.

नाशिकइतकं यासाठी सोयीचं ठिकाण शोधून सापडणार नाही, असं मला वाटतं. अंजनेरीच्या पठारावर पावसाळ्यात खडकाच्या खळग्यांत स्वच्छ पाणी साचतं, अशा पाण्यात डेस्मिड सापडतात, दोन सारख्या अर्ध्यांची आणि भरपूर स्राव करणारी. पांडवलेण्यांतल्या पोढ्या, म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची टाकी, घ्या. दहाव्या लेण्यातल्या शिलालेखात नहपान राजाचा जावई उषवदात यानं हे लेणं आणि या पोढ्या करवल्याचं लिहिलं आहे, म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षं त्या कातळात पाणी साठतं आहे. संरक्षित स्मारक आहे, तिथलं पाणी परवानगीशिवाय उचलता येत नाही आणि उचलूही नये, पण कठड्याशी उभं राहून वरची हिरवी साय बघितली की किती तऱ्हेचे गोल तिथे असतील असं मनात येतंच. खाली गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वर, २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं. लोक तिथे रोहित पक्षी आणि बदकं बघायला जातात. त्या सगळ्या अन्नसाखळीच्या तळाशी हेच शेवाळ आहे. आणि मधल्या पट्ट्यात शेततळी, प्रत्येकाचं खत वेगळं, ऊन वेगळं, पाणी कधी कालव्याचं, कधी विहिरीचं.

या सगळ्यातून निघालेली शेवाळं जिवंत ठेवली गेली पाहिजेत. पदव्युत्तर प्रकल्प संपतो, विद्यार्थी निघून जातात, सुट्टीत नळ्या वाळतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. नावाची यादी शोधनिबंधात राहते, जीव राहत नाही, मग पुढे कुणाला त्याचा स्राव तपासायचा झाला तर तपासणार काय? एक थंड खोली, ट्यूबलाइट लावलेली मांडणी, काही महिन्यांनी नव्या अगारवर हलवण्याची शिस्त, एवढ्यावर एखादं लहान कॉलेजही आपल्या तालुक्याचं शेवाळ सांभाळू शकतं. माझ्याकडच्या नळ्यांवर गाव, पाण्याचा प्रकार, तारीख आणि माध्यम यांच्याखाली आता आणखी एक ओळ असते. शाईत वलय आहे की नाही, कड कशी, अल्कोहोलमध्ये तंतू की पीठ, कागदावर ठिपके कोणते.

त्यातल्या दोन नळ्यांत सध्या माझं मन गुंतलं आहे. दोन्ही एकाच शिवारातल्या तळ्यांच्या, दोन्हीकडे पालखेडच्या कालव्याचं पाणी. एकीतल्या गोलांना रुंद वलय आहे, दुसरीतल्यांना अजिबात नाही, आणि मायक्रोस्कोपखाली बाकी कशातही फरक करता येत नाही. दोन्ही एकाच माध्यमात, शेजारीशेजारी वाढवल्या, तरी फरक टिकून आहे. आता वलयाचा तंतू वाळवून एनएमआरसाठी पाठवायचा आहे, आणि दुसऱ्या नळीतलं वरचं पाणी भरपूर जमवून त्यात थोडाफार विरघळलेला स्राव मिळतो का ते बघायचं आहे. मिळाला, आणि त्याची बांधणी पहिल्यासारखीच निघाली, तर एका जातीची ही दोन रूपं आहेत असं मानायला जागा होईल. बांधणी वेगळी निघाली, तर दोघांचे जनुकक्रम वाचायला सांगेन.